धावायचे बूट

ल्युसिलने बूट पायात घालायच्या ऐवजी त्यात हात घातला होता. निळ्या नायलॉनचा बूट, टोकाला आणि टाचेला पिवळं मऊ कातडं. पुढच्या टोकापर्यंत बोटं नेऊन ती आतली शिवण चाचपत होती. दुकानातली मुलगी समोर एक गुडघा टेकून बसली होती. ती आदबीने थांबली. तिचा नवरा नॉर्मंड मात्र थांबणाऱ्यांतला नव्हता.

"अगं, पायात घालतात तो," तो शेजारून म्हणाला. "चाळीस वर्षं शेंगदाण्याच्या टरफलासारखी माझी बोटं चेपणारे बूट घालतोय मी, पण पायातच घालतोय."

"गप्प बस जरा."

शाळेच्या स्वयंपाकघरात ल्युसिलने एकोणीस वर्षं मुलांना जेवण वाढलं होतं, आणि तिथले न घसरणारे काळे बूट तिने निवृत्तीनंतरही सोडले नव्हते. गेल्या आठवड्यात त्यांचा तळ मधोमध चिरला. गुडघ्याच्या डॉक्टरांनीही काहीतरी मऊ घाला म्हणून सांगितलं होतं. तिला तसलेच काळे हवे होते. ते दुकानात नव्हते, म्हणून मुलीने हा जोड काढला.

"एकोणऐंशी सालचं मॉडेल आहे, हुबेहूब तसंच," मुलगी म्हणाली. "आता हे घालून धावत कोणी नाही. लोक रोजच्याला घालतात. जीन्सवर, स्कर्टवर, कशावरही."

"हुबेहूब नाही," ल्युसिल म्हणाली. तिने बूट उलटा करून टोकावरची शिवण दाखवली. "इथे आम्ही दोन ओळी मारायचो. ही एकच आहे."

"आम्ही म्हणजे?"

"नदीकाठच्या बुटांच्या गिरणीत," उत्तर नॉर्मंडने दिलं. "बंद पडली तेव्हा तुझा जन्मही झाला नसेल. हिने असले किती जोड शिवलेत, विचार. आणि घातला एकसुद्धा नाही."

"धावणाऱ्यांचे होते ते," ल्युसिल म्हणाली. "आम्ही बसून काम करायचो."

मग तिने ते घातले. आरशापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला तिने हातातली पर्स नॉर्मंडच्या मांडीवर ठेवली आणि चौथी फेरी मारली. घरातल्या घरात घालून बघा, मुलगी म्हणाली. बाहेरची माती लागली नाही तर महिनाभरात परत घेऊ.

तीन दिवस ल्युसिल ते बूट घालून घरात वावरली. पिवळ्या वाटाण्याचं सूप ढवळताना, पलंगावरच्या चादरी बदलताना, तळघरात कपडे धुवायला उतरताना. तिची आई म्हणायची, माणसाचं घर त्याच्या बुटांवर लिहिलेलं असतं. कॅनडातल्या क्वेबेकहून आलेल्या त्या बाईने सात मुलांना दर शनिवारी ओळीने बसवून बूट पॉलिश करायला लावले होते. कापडी, रंगीबेरंगी बूट पाहून ती काय म्हणाली असती, हे ल्युसिलला चांगलं ठाऊक होतं. शेजारीण अंडी मागायला आली तेव्हा ल्युसिलने खुर्चीत बसून पाय टेबलाखाली ओढून घेतले आणि अंडी नॉर्मंडला द्यायला लावली.

पण तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ध्यानात आलं, की सूप चढवल्यापासून आपण एकदाही टेकलो नाही. गुडघा नुसता गप्प होता. हे तिने कोणाला सांगितलं नाही. नॉर्मंडला सांगितलं असतं तर त्याने गुडघ्याचं अभिनंदन केलं असतं.

शनिवारी चर्चच्या तळघरात बीन्सचं जेवण होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी असतंच. साडेचारला नॉर्मंड किल्ली घेऊन दारात उभा राहिला. ल्युसिल करड्या स्कर्टवर निळे बूट घालून जिन्यापाशी उभी होती. हातात तपकिरी चामडी जोड होता.

"बाहेर गेले की परत करता येणार नाहीत," ती म्हणाली.

"मग नको करूस परत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नॉर्मंडची बायको आली. बीन्स काय बुटांकडे बघून शिजतात? चल, ब्राउन ब्रेड संपून जाईल."

"काय बडबडतोयस," ती म्हणाली, पण तपकिरी जोड खाली ठेवून निघाली.

कोणी काही म्हणालं नाही. लांब टेबलांवर कागद अंथरलेला, बीन्सची मडकी, कोबीची कोशिंबीर, पलीकडे केक आणि इतर गोड पदार्थ मांडलेले. लोकांनी तिच्या गुडघ्याची चौकशी केली. पायांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि ज्याची धास्ती घेतली होती ते न झाल्याचं तिला जरासं वाईटच वाटलं.

जागा मिळाली ती नेमकी क्लोडेटच्या शेजारी. नॉर्मंडने खुर्ची ओढूनही टाकली होती, त्यामुळे उठणं बरं दिसलं नसतं.

क्लोडेट बोल्डक गिरणीत तपासनीस होती. शिवलेल्या बुटांचा गाडा तिच्यापुढे यायचा, प्रत्येक गाड्यावर शिवणारीच्या नंबरची चिठ्ठी असायची, आणि शिवण केसभर चुकली तरी अख्खा गाडा परत जायचा. आता ती चौऱ्याऐंशीची होती, वृद्धाश्रमात राहत होती आणि तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. ल्युसिल तिला चर्चमध्ये मान हलवून ओळख दाखवायची. त्यापलीकडे दोघी शेहेचाळीस वर्षांत बोलल्या नव्हत्या.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये ल्युसिलचे वडील इस्पितळात होते. दुपारी तीनला फोन आला, की लवकर या. ती उठली, आणि तेवढ्यात तिच्या नंबरचा गाडा परत आला. तीन डझन जोड, टोकाची शिवण वाकडी. माल संध्याकाळी जायचा होता. ती उसवत बसली आणि पुन्हा शिवत बसली. साडेसहाला इस्पितळात पोचली तेव्हा वडील शुद्धीत नव्हते, पहाटे गेले. पाच वाजेपर्यंत ते तिचं नाव घेत होते, असं नर्सने सांगितलं. क्लोडेटचा तिला राग होताच. पण त्याहून जास्त राग होता स्वतःच्या हातांचा. फोन कधीही येईल या धास्तीने शिवताना हात थरथरले असतील, घाई केली असेल, आणि नेमकं त्याच दिवशी त्यांनी दगा दिला. हे तिने नॉर्मंडलाही एकदाच सांगितलं होतं.

"शेजारी कोण बसलंय?" क्लोडेटने विचारलं.

"मी ल्युसिल. ल्युसिल वुलेट."

"हां." क्लोडेटने बीन्सचा चमचा खाली ठेवला. "तू नवे बूट घेतलेस म्हणे. तुझा नवरा मघाशी सगळ्या रांगेला सांगत होता. आपलेच आहेत म्हणाला. निळे."

ल्युसिलने नॉर्मंडकडे पाहिलं. तो कोशिंबिरीत गढून गेला होता.

"दाखव बघू," क्लोडेट म्हणाली, आणि हात पुढे केला.

जेवणाच्या टेबलावर बूट ठेवणं शक्य नव्हतं. ल्युसिलने उजवा बूट काढून तिच्या मांडीवर दिला. म्हातारीने त्यात हात घातला. अंगठ्याचं नख शिवणीवरून सावकाश फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

"इंचाला नऊ टाके. आपण अकरा घालायचो. आणि दुसरी ओळ कुठे गेली?"

"नाहीच घातली."

"मग हा परत गेला असता." ती बूट धरून बसली. मग म्हणाली, "तुझा गाडा मी एकदाच परत पाठवला."

"ठाऊक आहे मला."

"तो तुझा नव्हता."

ल्युसिलला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"पॉलीनचा होता," क्लोडेट म्हणाली. "त्या महिन्यात तिचे दोन गाडे परत गेले होते. तिसरा गेला असता तर तिला काढलं असतं. नवरा सोडून गेलेला, पदरात चार पोरं. तुझा हात जलद होता. म्हटलं, ही तासाभरात उरकेल. म्हणून मी चिठ्ठ्या बदलल्या. तुझ्या वडिलांचं मला दुसऱ्या दिवशी कळलं."

"फोन आला तेव्हा सगळ्या लाइनीला कळलं होतं."

"मी तपासणीच्या खोलीत होते. दार बंद असायचं." तिचा आवाज खाली आला. "तू खरं मान किंवा नको मानूस. सांगायला हवं होतं तेव्हा पॉलीन कामावर होती. मग ती गेली, आणि मग इतकी वर्षं झाली, की सांगायला तोंडच राहिलं नाही."

ल्युसिलने आपले हात पाहिले. ताटाच्या दोन बाजूंना ते पडले होते, डाग पडलेले, सांध्यांना गाठी आलेले. वडिलांची आठवण आली, आणि पॉलीनचीही. जेवणाच्या सुट्टीत पॉलीन अर्धं सँडविच खायची आणि अर्धं कागदात गुंडाळून घरी न्यायची. त्या दिवशी आपण उसवत बसलो होतो तेव्हा तीही उशिरापर्यंत थांबली होती, दोरे उचलून देत होती. का थांबली होती ते आज कळलं.

"म्हणजे माझी शिवण सरळ होती," अखेर ल्युसिल म्हणाली.

"तुझी नेहमीच सरळ होती. तुझा गाडा मी बघायचेसुद्धा नाही. आला की पुढे ढकलायचे."

ल्युसिलने मान हलवली. मग तिला आठवलं की क्लोडेटला दिसत नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

तिने बूट परत घेतला, घातला आणि नाडी बांधायला वाकली. वाकल्या वाकल्या जरा जास्तच वेळ राहिली. नॉर्मंडने कोशिंबिरीतून डोकं वर काढून विचारलं, "गुडघा का?"

"नाही," ती म्हणाली. "गुडघा ठीक आहे."

सहाला वृद्धाश्रमाची गाडी आली. ड्रायव्हर वरच्या दारातून नावं घेऊ लागला. क्लोडेट टेबल चाचपत उठली. दोन बायका मदतीला निघाल्या होत्या, पण ल्युसिल आधीच उभी राहिली होती. तिने आपला कोपर क्लोडेटच्या हाताखाली दिला.

"मला सवय आहे, मी जाते," क्लोडेट म्हणाली.

"चला."

दोघी टेबलांमधल्या वाटेने निघाल्या. क्लोडेटचे चामडी बूट फरशीवर ठक ठक वाजत होते, मधे बराच वेळ घेऊन. ल्युसिलने आपली पावलं तिच्याएवढी आखूड केली. वरच्या दाराकडे चढणाऱ्या फळीपाशी आल्यावर क्लोडेट थबकली आणि तिने कान दिला.

"तुझा आवाजच येत नाही गं," ती म्हणाली. "आहेस ना?"

"आहे," ल्युसिल म्हणाली. "चढ आहे इथे. पाय उचला."