न्हाणीची शेवटची सांध

मी सादिक गवंड्याची थापी. पातं कारंज्याच्या लोहाराने ठोकलं, मूठ बाभळीची. आज अकोल्याच्या कोर्टातल्या अंधाऱ्या खोलीत पडले आहे, मुठीला लाखेची मोहर लावून. कोर्टात मला हत्यार म्हणतात. मला राग येतो.

शिरपूरच्या उकंडराव आणि इंद्रभान या भावांनी बाप गेल्यावर घर वाटून घेतलं. न्हाणी थोरल्याकडे आली आणि तिच्या भिंतीआडचं धान्याचं बळद धाकट्याकडे. न्हाणीच्या दगडांच्या सांधी फुटल्या होत्या. उकंडराव अंगावर पाणी ओतायचा आणि ते बळदात झिरपायचं. इंद्रभानने सांगून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. थोरला हसायचा. बियाण्याची ज्वारी कुजली त्या सकाळी इंद्रभान पहार घेऊन आला. त्याने न्हाणीचे दगड उखडले, तांब्याचं घंगाळ चेचलं.

त्यांच्या आईने, तुळसाबाईंनी, सादिकला बोलावलं. "अशी भर बापा, का थेंब उतरू नये. नाहीतर हे दोघं एकमेकाचा जीव घेतीन."

चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून सादिकने दगड पुन्हा बसवले. मी सांध न् सांध दाबून भरली. भिंतीकडची एकच उरली, तेव्हा उकंडराव दारात उभा राहिला. भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "तेवढी मोकळी ठेवजो, सादिक. त्याले कायमचा ओलाच ठेवतो."

"असं नाई होत, उकंडरावभाऊ," सादिक म्हणाला.

तोवर इंद्रभान आत घुसला. त्याने मला सादिकच्या हातातून हिसकलं आणि भावाच्या कानशिलात घातलं. उकंडराव पडला तरी तो मारतच राहिला. मला विटा तोडायची सवय. माणूस इतका मऊ असतो हे मला ठाऊक नव्हतं.

इंद्रभानला पोलिसांनी नेलं, मलाही नेलं. ती सांध सादिकने बोटांनी भरली. उकंडराव आठवडाभर कण्हत होता, मग गेला.

खटल्यात मी टेबलावर होते. तुळसाबाई साक्षीला उभ्या राहिल्या.

"थोरल्याले आखरीची आंघोळ म्या त्याच न्हाणीत घातली, साहेब. घागरीवर घागरी ओतल्या. मंग धाकट्याच्या बळदात हात घालून पाह्यला. कोरडं ठणठणीत हाय. आता भांडण कायचं राह्यलं? सोडा त्याले."

साहेबांनी सोडलं नाही. इंद्रभान फासावर गेला.

माझ्या पात्यावर चुना आहे आणि रक्तही आहे. कुणी नेलंच तर मला सादिककडे द्या, एकदा चुन्यात बुडवा. मी भरलेली न्हाणी गळत नाही. तिथे आंघोळीला आता एकटी म्हातारी उरली आहे.