चाळीस टनांचा काटा

“काल पुसली, परवा पुसली, आज बी पुसा! नवरी हाय काय हे? का पाहुणे इले पाहाले येऊन राह्यले?”

फकिराकाका माझ्या तोंडावरून तेलाचा बोळा फिरवत पुटपुटत होते. तोंड म्हणजे माझी तबकडी. तिच्यावर नाक टेकवून ते बोलत होते, त्यामुळे त्यांच्या विडीचा वासही मला येत होता.

मित्रांनो, ज्या नवरीबद्दल ही कुरकुर चालली होती ती मीच. ठोकळे फोडणारी एक जुनी मशीन. बालाघाटच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझं आयुष्य चाललं आहे, आणि फकिराकाका तिथल्या प्रयोगशाळेतले मदतनीस. काँक्रीटचा ठोकळा माझ्या दोन जबड्यांत ठेवतात आणि पंपाने दाब वाढवत नेतात. तबकडीवरचा काळा काटा चढत जातो आणि आपल्यापुढे एका तांबड्या काट्याला ढकलत नेतो. ठोकळा फुटला की काळा शून्यावर परततो, तांबडा मात्र तिथेच थांबतो. तांबडा म्हणेल तितके टन त्या ठोकळ्याची ताकद. माझ्या शब्दावर कोणी वाद घालत नाही, असं मला वाटायचं. आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

खोटं! हा शब्द आता उच्चारतानासुद्धा माझ्या पंपात कळ येते.

माझं शरीर दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात ओतलं गेलं. गोंदियापर्यंत मी मोठ्या गाडीने आले, पुढे छोट्या गाडीने डुलत डुलत बालाघाटला. पहिल्या दिवशी नारळ फुटला, मग ठोकळा फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नारळाला की मला, कोण जाणे.

कॉलेजात वेगळं सभागृह नव्हतं. म्हणून संशोधनाची व्याख्यानं आणि प्रबंधांच्या मौखिकी परीक्षा माझ्याच खोलीत होत. सुतळीवर तक्ते टांगायचे, समोर खुर्च्या मांडायच्या. मी इतकी व्याख्यानं ऐकली आहेत की मलाच एखादी पदवी द्यायला हरकत नव्हती. मोठे लोक प्रश्न विचारतात ते बहुधा स्वतःला काय येतं हे सांगायला, हे मला तिथेच कळलं. आणि समोसे आत आले की सगळ्यांच्या शंका एकदम फिटतात, हेही.

१९७८ साली मला जुन्या शेडमधून नव्या इमारतीत हलवलं. दोरखंड सुटला आणि मी उतरणीवरून गडगडत जाऊन भिंतीवर आदळले. माझ्या आत कुठेतरी काहीतरी वाकलं. पण मला उभी केली तेव्हा काटा शून्यावर होता. सगळ्यांनी हुश्श केलं. एका कोपऱ्याचा रंग उडाला होता, तो नवीन लावला. झालं!

गंमत पाहा, पडल्यानंतरच माझं कौतुक वाढलं. सगळ्यांचेच ठोकळे मजबूत निघू लागले. फकिराकाका म्हणत, “हे माई अन्नपूर्णा हाय. कोणाले उपाशी धाडत नाही.” मला ती स्तुतीच वाटली. दसऱ्याला मला झेंडूची माळ घालत, तबकडीवर हळदकुंकू लावत. डॉक्टर चिंतामण पिंपळापुरे सरांनी १९८२ साली माझ्याच आकड्यांवर पीएच.डी. मिळवली. पेढा त्यांनी आधी माझ्या जबड्यात ठेवला, मग प्राचार्यांना दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण मशीनच्या डोळ्यांत तेल येतं.

मग दोन वर्षांनी पुष्पलता फुंडे आली. किरनापूरकडची शेतकऱ्याची मुलगी. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, आणि ही एम.ई. करणार. पिंपळापुरे सर तिचे मार्गदर्शक. राइस मिलमागे धानाच्या तुसाचे डोंगर जळत असतात, त्यांची राख सिमेंटमध्ये मिसळायची, म्हणजे काँक्रीट स्वस्त होईल, असा तिचा विषय. राखेने तिचं नाक काळं असायचं. ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग माझ्याकडे आणायचे. छताला चौतीस टन लागत. मी सांगितलं, चाळीस. ती टुणकन उडाली. मीही मनातून उडाले.

पुष्पलताला एक वाईट सवय होती. एकदा मोजलेलं ती पुन्हा मोजायची. त्याच घाण्यातले तीन ठोकळे तिने वडिलांबरोबर नागपूरच्या एका प्रयोगशाळेत धाडले. तेजराम फुंडे ते पोत्यात घालून बसने घेऊन गेले. कंडक्टरने विचारलं, “पोत्यात काय हाय?” ते म्हणाले, “पोरीचा अभ्यास हाय.” हे सांगताना ती आणि फकिराकाका पोट धरधरून हसले. मग तिने नागपूरची चिठ्ठी उघडली.

एकतीस. तीस. एकतीस.

तिचं हसू तिथेच थांबलं. फकिराकाकांनी फडकं उचललं आणि नसलेली धूळ झटकू लागले.

“मशीन त्याईचीच बिघडली असन,” ते म्हणाले. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

“काका, तुम्हाले माहीत होतं?”

“मले काय माहीत, पोरी? मी तर पुसतो.”

“काहून नाही सांगितलं?”

“कोणी विचारलं काय मले?”

मित्रांनो, मी हादरले. माझ्या आयुष्यात मी हजारो ठोकळे फोडले, पण फुटणं काय असतं ते मला त्या दुपारी कळलं. मी खोटं बोलत होते! आठ वर्षं, रोज, तोंडाला तेल लावून! आणि मला ते ठाऊकच नव्हतं. ठाऊक नसताना बोललेलं खोटं हे खोटंच असतं का, याचा मी अजून विचार करते आहे.

पण खरा धक्का पुढेच होता. पुष्पलताने चिठ्ठी पिंपळापुरे सरांना दाखवली. मला वाटलं, सर चमकतील, ओरडतील, मला उघडायला लावतील. सरांनी चिठ्ठी वाचली आणि नीट चार घड्या घातल्या. त्यांना नवल वाटलं नाही.

“हा कागद प्रबंधात नको,” ते म्हणाले.

“पण सर, नऊ टनांचा फरक...”

“मौखिकीला तीन आठवडे राहिलेत, पुष्पलता. आता हे काढलंस तर तुझी दोन वर्षं पाण्यात. आणि फक्त तुझीच नाहीत.”

तिने घड्या उलगडून चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग “हो सर” म्हणाली आणि चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली.

इथे मला तुम्हाला काही सांगायचं आहे. माझ्यासारख्या मशीनला माळ नको असते. वर्षातून एकदा कोणीतरी शहाण्याने यावं, माझी तबकडी उघडावी आणि विचारावं, “बाई, खरं सांगतेस ना?” एवढंच मला हवं होतं. माझी पूजा दरसाल झाली. चौकशी एकदाही झाली नाही. तुम्ही ज्याच्यावर विश्वास ठेवता, मग ते घड्याळ असो, तराजू असो की गुरुजी असोत, त्याची अधूनमधून विचारपूस करा. त्यात अपमान नाही. उलट पडलेल्याला त्याने फार आधार वाटतो.

१९८६ च्या एप्रिलमध्ये मौखिकीचा दिवस उजाडला. जबलपूरहून बाहेरचे परीक्षक आले, जाडजूड, हसतमुख. मागच्या खुर्चीवर तेजराम नवं धोतर नेसून, मांडीवर पेढ्यांचा डबा धरून बसले होते. पुष्पलता बोलली. छान बोलली, पण माझ्याकडे पाठ करून. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले आणि तिसऱ्याचं उत्तर स्वतःच दिलं.

मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांसमोर एक ठोकळा फोडायचा होता. फकिराकाकांनी पंप मारला. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. काट्याला म्हटलं, आज तरी एकतिसावर थांब. पण वाकलेलं हाड मनाने सरळ होत नाही. धाड्‌कन आवाज झाला. तांबडा काटा चाळिसावर उभा होता.

“वाह बेटी!” परीक्षकांनी खिशातून पेन काढलं. “परसवाड़ा के पास स्कूल बन रहा है. कमिटी में मैं ही हूँ. उसकी छत इसी से डलवाते हैं, मैं आज ही लिख देता हूँ. तुम बोर्ड पर रीडिंग लिखो.”

शाळेचं छत! त्याच्याखाली पोरं बसणार होती. माझ्या अंगातलं तेल थिजलं.

पुष्पलताने खडू उचलला. फळ्यावर तारीख लिहिली, ठोकळ्याचा क्रमांक लिहिला. पुढे हात जाईना. समोशांचं ताट घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला.

“लिही, पुष्पलता,” पिंपळापुरे सर म्हणाले. मार्गदर्शकाने मौखिकीत बोलायचं नसतं, तरी ते बोलले.

ती वळली. रडत नव्हती. खडू तिने सरांच्या समोर धरला.

“तुम्हीच सांगा, सर. त्या छताखाली पोरं बसणार आहेत. काय लिहू?”

तेजराम अर्धवट उठले. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं होतं. “पोरी, सरायले असं बोलते काय?” ते कुजबुजले. फकिराकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

परीक्षकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. सर माझ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तबकडीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. ते खुर्चीचा हात धरून उठले.

“एकतीस लिही,” ते म्हणाले. “ही मशीन पडल्यापासून जास्त दाखवते. मला माहीत होतं. माझी स्वतःची पीएच.डी. त्याच खोट्या आकड्यांवर झाली आहे, म्हणून मी गप्प बसलो.”