गाळलेलं वाक्य

मी खोटं बोलले नाही. हे मी त्या आठवड्यात स्वतःला इतक्यांदा बजावलं, की त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

आमच्या बेटावरचं वर्तमानपत्र आठवड्यातून तीनदा निघतं. मी, गुन्वोर, त्यात सव्वीस वर्षं बातम्या लिहिते आहे. आमच्याकडे रीत अशी, की ज्याची मुलाखत घेतली त्याला त्याचं बोलणं छापण्याआधी दाखवायचं. तो म्हणाला हे वाक्य काढ, तर मुकाट्याने काढायचं. बेट लहान आहे. आज ज्याचं बोलणं वेडंवाकडं छापाल, तो उद्या दुकानाच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असतो. बहुतेकांना मी मजकूर ईमेलने धाडते. हाल्डिसबाईंकडे ईमेल नाही, तेव्हा फोनवर वाचून दाखवायचं ठरलं.

हाल्डिसबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. शाळेत त्यांनी आम्हाला विणकाम शिकवलं. टाका सुटला की त्या रागवायच्या नाहीत, नुसतं "उसव" म्हणायच्या, आणि तेच जास्त झोंबायचं. त्यांचे यजमान आयलर्ट तीन वर्षांपासून गावच्या शुश्रूषागृहात आहेत. पक्षाघाताच्या दोन झटक्यांत उजवं अंग गेलं, दृष्टी गेली, पण कान आणि डोकं शाबूत. रोज अकरा वाजता बाई जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात, एकेक अंक दोन दिवस पुरवत, पहिल्या पानापासून भरती-ओहोटीच्या वेळांपर्यंत.

पालिकेने ते शुश्रूषागृह बंद करायचं काढलं होतं. तिथल्या अकरा जणांना खाडीपलीकडे, दोन बोटी बदलून जावं लागेल अशा ठिकाणी हलवायचं. पालिकेच्या सभेत मतदान गुरुवारी. रविवारी दुपारी मी बाईंच्या स्वयंपाकघरात बसले.

"दोन बोटी गं," त्या म्हणाल्या. "मार्चच्या वाऱ्यात. मी रोज कशी पोचणार? आणि मी नाही गेले तर त्याला पेपर कोण वाचून दाखवणार, महापौर?"

मी लिहून घेत होते. त्यांनी गरम वॉफलवर तपकिरी चीजचा काप ठेवला, बशी माझ्याकडे सरकवली, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खरं सांगू? सकाळी फोन वाजला की कधी कधी मनात येतं, गेला असेल तर बरं. सुटेल एकदाचा, आणि मीही." मग लगेच माझ्याकडे वळल्या. "घे ना, गार होतंय."

मी वॉफल घेतलं. वाक्यही घेतलं.

सोमवारी आमच्या संपादकाने, आयविनने, मजकूर वाचला. वयाने माझ्याहून पंधरा वर्षं लहान, पण उत्साह असा की बघणाऱ्याला धाप लागावी. "छान आहे, पण बोटींची रड सगळेच रडतात. सातवं पान," तो म्हणाला. मग त्या वाक्यापाशी आला आणि ताठ बसला. "अगं, हे काय आहे! हे राहिलं तर पहिलं पान, गुन्वोर. एवढ्या थकलेल्या बाईला रोज दोन बोटी कोण करायला लावेल? मतदान फिरेल याने. पण तिला दाखव आधी."

दुपारी तीनला मी फोन लावला. बाई हे वाक्य काढायला सांगणार, हे मला लख्ख ठाऊक होतं. मी वाचत गेले. दोन बोटी वाचल्या, मार्चचा वारा वाचला, महापौर वाचला, त्यावर त्या हसल्याही. मग ते वाक्य आलं. ते मी डोळ्यांनी वाचलं. तोंडाने वाचलं नाही. श्वाससुद्धा न घेता पुढच्या ओळीवर गेले.

"किती नीट लिहिलंस," बाई म्हणाल्या. "एवढं सरळ बोलले होते होय मी? छाप, छाप."

"वाचून दाखवलंस?" आयविनने विचारलं.

"वाचून दाखवलं," मी म्हटलं. यात खोटं काय होतं?

मंगळवारी पहिल्या पानावर बाईंचा फोटो आणि खाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत मथळा: 'फोन वाजला की वाटतं, गेला असेल तर बरं.' दहाच्या सुमाराला आयलर्ट यांच्या बहिणीचा, बोर्गनीचा, फोन आला.

"माझा भाऊ मरायची वाट बघते ती? आणि तुम्ही ते फोटोसकट छापता?"

"त्यांच्या बोलण्याचा अर्थ तसा नाही, बोर्गनी."

"अर्थ मला नको शिकवूस. पंचावन्न वर्षं तिच्या हातचं जेवतोय तो. आता कुठल्या तोंडाने भरवणार ती?"

बाईंचा मात्र फोन आला नाही. मी दिवसभर फोनकडे बघत होते. बुधवारी कळलं, दुकानात त्या शिरल्या आणि दूध-लोण्यापाशी उभ्या असलेल्या तिघी गप्प झाल्या. मी जायला हवं होतं. गेले नाही. गुरुवारी सभागृहात एका सदस्याने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याचा आवाज भरून आला. शुश्रूषागृह वाचलं. आयविनने कचेरीत बदामाच्या मार्झिपानचा केक आणला आणि पहिला तुकडा माझ्या बशीत घातला. तो मी खाल्ला. मला अजून स्वतःची शिसारी येते ती त्या तुकड्याची, कारण तो गोड लागला होता.

शुक्रवारी अकराला मी शुश्रूषागृहात गेले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. हाल्डिसबाई कोणत्या तरी बोटीच्या लिलावाची बातमी वाचत होत्या.

"ते राहू दे," आयलर्ट म्हणाले. "तुझा फोटो आलाय म्हणे. मंगळवारपासून मागे लागलोय मी. सगळ्या नर्सा सांगतात, फोटो आलाय, आणि तू आपली बोटी विकत बसलीस."

"फोटो काय वाचायचा?"

"फोटोखाली काही असेल की नाही? काय बोललीस ते ऐकव. माझ्यासाठी भांडलीस म्हणे."

"वाचीन. नंतर वाचीन."

तेवढ्यात मी दिसले. त्या उठून बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि मला व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर नेलं. त्यांच्या पिशवीत मंगळवारचा अंक होता, पहिलं पान आत जाईल असा घडी केलेला.

मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "माझी चूक गं, गुन्वोर. तू वाचलंस तेव्हा मला ते ऐकूच आलं नाही. कान गेले माझे. येत्या सोमवारी कानांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे."

मी मान डोलवून परत येऊ शकले असते. खरंच सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. मग त्या वाटण्याचीच अशी लाज वाटली, की मान वर होईना.

"तुमचे कान चांगले आहेत," मी म्हटलं. "मी ते वाचलंच नाही. मुद्दाम गाळलं. तुम्ही काढायला सांगितलं असतं म्हणून."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. खाली कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेत होतं.

"आम्ही दुरुस्ती छापतो," मी म्हटलं. "दुसऱ्या पानावर, उद्याच."

"काय छापशील? मी तसं बोललेच नाही? बोलले होते मी. पण तुझ्यापाशी बोलले होते."

मग त्यांनी पिशवीतला अंक माझ्या हातात दिला. "वाच आता. सोमवारी वाचायला हवं होतंस तसं. सगळं."

मी वाचू लागले. दोन बोटी, मार्चचा वारा, महापौर. या वेळी त्या हसल्या नाहीत. ते वाक्य आलं, आणि ते मी शब्दन् शब्द मोठ्याने वाचलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "हे काढ."

आमच्या रीतीत याला एकच उत्तर असतं.

"काढते," मी म्हटलं.

पर्समधून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. मग त्यांनी बोटाने पहिलं पान दाखवलं. मथळा खोडायला वेळ लागला. अक्षरं मोठी होती, शाई पुरी पडेना, आणि बाई शाळेत बसायच्या तशा शेजारी बसून मी नीट खोडते आहे का ते बघत होत्या. गावात त्या अंकाच्या तीन हजार आठशे प्रती गेल्या होत्या.

त्या अंक घेऊन आत गेल्या. मला बसायलाही सांगितलं नाही आणि जायलाही. दाराबाहेर उभी राहून मी ऐकलं. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचलं, सावकाश. महापौराच्या वाक्याला आयलर्ट खो खो हसले. खोडलेल्या ओळीपाशी आवाज जराही अडखळला नाही. वाक्य कसं ओलांडायचं ते त्यांना मी फोनवर शिकवलंच होतं.

"एवढंच बोललीस?" आयलर्टनी विचारलं.

"एवढंच," हाल्डिसबाई म्हणाल्या.