बाईंना कृपांक नको

गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे 'तराजू' म्हणत. अर्ध्या मार्कासाठी कितीही नाक घासा, बाई बधायच्या नाहीत.

यंदा मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं: आपापल्या वर्गाचा निकाल ज्याचा त्याने कॉम्प्युटरवर करायचा. जमणार नाही, त्याचा वर्ग दुसऱ्याकडे. आधी कॉम्प्युटर कितपत येतो, याचे प्रत्येकाने स्वतःच स्वतःला मार्क द्यायचे. झालं! सगळ्यांनी स्वतःला पैकीच्या पैकी देऊन टाकले. चित्रकलेच्या सरांनीसुद्धा, ज्यांना कॉम्प्युटर चालू करायला रोज शिपाई लागतो.

बाईंनी मात्र स्वतःला काट्यावर तोललं. टायपिंग फक्कड, न बघता बोटं धावतात. प्रश्नपत्रिका चुटकीसरशी. पण कॉम्प्युटरवरच्या निकालाच्या तक्त्यातली सूत्रं? भोपळा. प्रशिक्षणात ती पाठ केली होती, डोक्यात काही शिरली नव्हती. बेरीज केली तर बाई एका मार्काने नापास!

"अहो, एक कृपांक घाला आणि सुटा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"आजवर कुणाला दिला नाही, स्वतःला कुठल्या तोंडाने देऊ? फेरपरीक्षा देते. पेपर माझाच वर्ग काढेल."

घरी नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, ती पोरं सगळं उट्टं काढतील!"

"काढू देत," बाई म्हणाल्या, पण ताट अर्ध्यावरच सारलं. पाचवीपासून हाताखाली घेतलेला वर्ग होता तो. पोरांच्या शाळेतल्या शेवटच्या वर्षी तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा, या विचाराने त्यांना रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत अख्खा वर्ग पाठीशी उभा. पहिला प्रश्न: मार्क भरा, बेरीज दाखवा. बाईंनी धडाधड मार्क भरले, बेरीज तोंडी केली आणि आकडा टाकून मोकळ्या झाल्या.

वर्गाची मॉनिटर पुढे आली. तिने एक मार्क बदलला. बेरीज जागची हलली नाही.

"बाई, उत्तर बरोबर. पण पायऱ्या नाहीत. शून्य."

वर्ग खो खो हसला. बाईंचे कान तापले. हे तर त्यांचंच वाक्य! आणि तिथेच डोक्यात लख्ख उजेड पडला. सूत्र म्हणजे दुसरं काय? पायऱ्याच! कुठले आकडे घ्यायचे, त्यांचं काय करायचं, ते यंत्राला लिहून दाखवायचं. जन्मभर हेच तर पोरांच्या डोक्यात उतरवलं.

त्यांनी आकडा पुसला, बरोबरचं (=) चिन्ह टाकलं आणि सूत्र लिहिलं. मॉनिटरने पुन्हा मार्क बदलला. बेरीज आपोआप बदलली! मग सरासरी, मग पास-नापास. बाई सुटल्या त्या थांबल्याच नाहीत.

मॉनिटरने लाल पेनाने मार्क मांडले. "बाई, पास! अर्धा मार्क कापलाय. सुरुवातीला खाडाखोड केलीत."

"बरोबर कापलास गं," बाई म्हणाल्या.

टाळ्यांनी खोली दणाणली. बाईंनी डोळे पुसले आणि टेबलावर पट्टी आपटली.

"टाळ्या कसल्या पिटताय? बसा जागेवर. वर्ग माझाच आहे अजून!"