मरणाऱ्याचे चार शर्ट

“ह्या एकाच मापाचे चार शर्ट कशाला ओ, आण्णा? पोरगं लई मळवतंय काय?”

राजेश्वरीनं राखाडी कापड मशीनवरून उचलून दाखवलं. मालक ईश्वरप्पा हसले. सोलापुरातल्या त्यांच्या कारखान्यात एरवी शाळांचे गणवेश शिवले जात. यंदा परदेशातल्या कुठल्याशा युद्धाच्या मालिकेचं काम आलं होतं. दोन्ही फौजांच्या वर्द्या इथंच शिवायच्या, एकाच बाईच्या हातानं.

“त्याला गोळी लागती की गं. पैल्या खेपेला नीट मरायला जमलं न्हाय तर? रक्ताचा शर्ट परत कसा घालायचा?”

म्हणजे जगणाऱ्याला एक, मरणाऱ्याला चार. गिऱ्हाईक म्हणून मरणाराच बरा.

राजेश्वरीचा मात्र त्या मापात जीव अडकला. खांदे अरुंद, बाह्या लांब. थेट तिच्या लेकासारखं, नंदीशसारखं, आणि नंदीशची नुकतीच सैन्यात निवड झालेली. दुपारी पंख्याखाली टांगलेल्या वर्द्या हलत, इस्त्रीच्या वाफेत त्यांचे हात वरखाली होत. डुलकी लागली की तिला ते सगळे उभ्या उभ्या झोपलेले दिसत. मग ती मशीन हळू चालवायची, कुणाची झोप मोडू नये म्हणून.

पुढं मालिका मोबाइलवर आली, हिंदीत बोलत. लांब बाह्यांच्या त्या पोराला साहेबानं एका घरावर गोळ्या झाडायला सांगितलं. आत बायका, लेकरं. त्यानं बंदूक खाली ठेवली, आणि त्याच्याच माणसांनी त्याला उडवलं.

“कॉलर बघ कशी बसलीय!” राजेश्वरी डोळे पुसत म्हणाली.

“अगं, मरतंय कोण आन् ही बाई शिलाई बघतीय!” शेजारची बजाबाई म्हणाली.

आठवडाभर गल्लीत राजेश्वरीचं एकच. “पोरगं असावं तर असं. मेलं, पण हात घाण केला न्हाय.” पोरगं दुसरीचं होतं, मन मोठं करायला हिच्या पदरचं काही जात नव्हतं.

नंदीशच्या जायच्या दिवशी स्टेशन उन्हात गुंगल्यासारखं पडलं होतं. आवाज कुठून तरी लांबून येत होते. तो खिडकीशी बसला, ती खाली उभी.

“तिथली वर्दी ढगळ आली तर बदलून माग.”

“तितं आपणच मापात बसायचं असतंय, अव्वा.” मग तो पुढं वाकला. खास तिच्यासाठी जपून ठेवल्यासारखं हळूच म्हणाला, “तू म्हणतीस ते पटलंय मला. तसं कुणी सांगितलं, तर मीबी बंदूक खालीच ठेवणार.”

राजेश्वरीनं खिडकीचा गज धरला.

“न्हाय. साहेब सांगंल ते कर. आन् घरी ये.”

“आत लेकरं असली तरी?”

गाडी हलली. ती गजाला धरून चालू लागली.

“घरी ये.”

नंदीश तिच्याकडं बघत राहिला, अनोळखी बाईकडं बघावं तसा. शेजारच्या आया हात हलवत होत्या. राजेश्वरीनं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला, आणि शेवटचा डबा गेल्यावरही तो काढला नाही.