नववीची पाण्याची वही

वहिदानं फळ्यावर विषय लिहिला, ‘गावात नव्या बोअरवर बंधन असावं का?’ आणि त्याखाली नियम लिहिले. बाजू चिठ्ठीनं ठरेल. पुराव्याशिवाय कुणी बोलायचं नाही. मधल्या सुट्टीनंतर बाजू बदलायची. सकाळी ज्यानं बंधन मागितलं, त्यानंच दुपारी ते खोडून काढायचं.

“बाई, मग आमचं खरं मत कुठलं?” पोरं हसायला लागली.

“ते तिसऱ्या दिवशी विचारीन.”

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. चाकूरच्या पुढं, फाट्यावरून आत असलेल्या या गावात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली होती. बोअर पाडायच्या गाड्या यायच्या, दिवसभर धडधड करत जमिनीला दोनशे फूट भोक पाडायच्या आणि पुढच्या गावाला जायच्या. वर्षभरात बारा बोअर झाले आणि गावच्या विहिरीनं तळ गाठला. या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही, यावर पारावर रोज भांडणं व्हायची. वहिदाला वाटलं, पोरांनी हे एकदा मोजून तर बघावं.

ती उदगीरची. दोन वर्षांपूर्वी तिला घेताना संस्थेतल्या दोघा-तिघांनी नाक मुरडलं, तेव्हा मुख्याध्यापक गुरुपादप्पा म्हणाले होते, “आधी तिचा एक तास ऐका, मग बोला.” तेव्हापासून शाळेतलं काहीही ती पहिल्यांदा त्यांच्या कानावर घालायची.

पोरं घरोघर गेली. विहिरीपासून बोअरपर्यंतची पावलं मोजली, खोली विचारली. शिवगंगाला चिठ्ठीत बंधनाची बाजू आली होती आणि तिच्या सिद्धम्माकाकूचाच बोअर विहिरीपासून दीडशे पावलांवर होता.

“काकूनं खोली खरी सांगितली, बाई. पन ह्ये बाहीर कळलं तर?”

“वही माझ्या कपाटात राहील. वर्गाबाहेर जाणार नाही.”

“नक्की?”

“शब्द देते.”

तेव्हा कुठं शिवगंगानं आकडा लिहिला, दोनशे दहा फूट. त्यापुढं, बाईंनी शिकवलं होतं तसं, माहिती आणणाऱ्याचं म्हणून स्वतःचं नाव घातलं.

वादविवादाच्या दिवशी गुरुपादप्पा मागच्या बाकावर येऊन बसले. शिवगंगा खणखणीत बोलली. पाचशे पावलांच्या आत बारा बोअर, पहिला पडला तेव्हा विहिरीत तीन परस, म्हणजे तीन माणसांच्या उंचीएवढं पाणी, बारावा पडला तेव्हा गुडघाभर. समोरून हुसेनबी उठली. तिच्या घरी ना रान, ना बोअर.

“माझी अम्मी रोज चार तास हापशावर उभी असती. ज्यांनी आधी बोअर घेतला, तेच आता म्हणून राहिले, बाकीच्यांनी घेऊ नये. ह्ये बंधन हाय का आपल्या दाराला कुलूप?”

दुपारी बाजू बदलल्या, तेव्हा शिवगंगानं स्वतःचेच आकडे हाणून पाडले. “बहात्तरला कुठं होते बोअर? तरी विहीर आटलीच की!” वहिदाला तिचा इतका अभिमान वाटला की खडू हातातच राहिला.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठराव लिहिला. पाचशे पावलांत नवा बोअर नको. जुन्या बोअरवाल्यांनी रोज सकाळी दोन तास गावाला पाणी द्यावं, पण ते ग्रामसभेत विचारून, मालकाच्या राजीखुशीनं. या राजीखुशीवरच पोरं तासभर भांडली होती.

गुरुपादप्पांनी टाळ्या वाजवल्या. “वहिदाबाई, लातूरच्या साहेबलोकांनी बघायला पाहिजे हे. वही द्या, उद्या परत करतो.”

“सर, आकडे उतरवून देते. नावं नकोत.”

“माझ्यापासून काय लपवायचं?”

तिनं वही दिली. दुसऱ्या दिवशी ती परतही आली.

बाराव्या दिवशी गावात तहसीलची जीप आली. टंचाईचा हुकूम होता. यादीतल्या बोअरचं पाणी उन्हाळाभर गावासाठी, शेताला थेंब नाही. तलाठी शंकरप्पा चावडीवर यादी वाचत होते. सिद्धम्माचं नाव तिसरं आलं. तिचा भाजीपाला ऐन काढणीला आला होता. शेवटी शंकरप्पांनी सवयीनं तळटीपही वाचली, ‘माहिती संकलन, इयत्ता नववी,’ आणि खाली एकेका पोराचं नाव. माणसं वळून शाळेकडं बघायला लागली.

वहिदा मोजत होती. बोअरवाल्यांची नावं अकराच निघाली. विहिरीला सगळ्यात जवळचा, नव्वद पावलांवरचा बोअर गुरुपादप्पांच्या धाकट्या भावाचा, वीरभद्रचा. तो यादीत नव्हता.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

“सर, तुम्ही वही तहसीलला दिलीत?”

“त्यांना माहिती हवी होती. गावाला पाणी मिळालं. तुमच्या पोरांनी हेच तर मागितलं होतं.”

“पोरांनी विचारून मागितलं होतं. आणि बारावा बोअर?”

गुरुपादप्पांनी चष्मा काढून पुसला. “उतरवताना राहिला असेल.” मग हळूच म्हणाले, “तुमची नेमणूक अजून कायम झालेली नाही, बाई. मीच भांडतोय तुमच्यासाठी.”

अपमानापेक्षा तिला जास्त लागलं ते हे की त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता.

शिवगंगा चार दिवस शाळेत आली नाही. वहिदा घरी गेली. सिद्धम्मा दारातच होती. तिनं बस म्हटलं नाही.

“लेकरापाशी खरं बोलले मी. सायबाला खोटं सांगितलं असतं.”

आतून शिवगंगा आली. “बाई, वही कुनी दिली?”

सरांचं नाव वहिदाच्या ओठांवर आलं होतं.

“मीच दिली,” ती म्हणाली.

पोरगी आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वहिदा विहिरीपासून चालत निघाली. मोठ्यानं पावलं मोजत, सगळ्यांच्या देखत. वीरभद्रच्या बोअरपाशी नव्वद भरली. वहीतलं काही न घेता तिनं हाही बोअर यादीत घ्यावा असा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला आणि चावडीवर नेऊन दिला.

“बाई, खाली सही तुमची एकटीचीच?” शंकरप्पांनी विचारलं.

“माझी एकटीचीच.”

तीन आठवड्यांनी वीरभद्रच्या शेताचंही पाणी बंद झालं. सिद्धम्माचा भाजीपाला तोवर वाळून गेला होता. हुसेनबीची अम्मी आता तासाभरात घागरी भरून घरी जायची. पण हे सांगताना हुसेनबीनं मान खाली घातली, जणू तिनंच काही चोरलं होतं. शिवगंगा परत वर्गात आली. खिडकीकडंच्या शेवटच्या बाकावर बसायची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही.

जूनमध्ये वहिदाला पुढं न ठेवण्याचं पत्र मिळालं. खाली गुरुपादप्पांची सही होती. निरोपाला त्यांनी तिला नारळ दिला आणि तिच्यासारखी शिक्षिका मिळणं अवघड आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. नारळ तिनं शाळेच्या पायरीवर ठेवला आणि फाट्याकडं चालायला लागली.

वर्षभरानं उदगीरला हुसेनबीचं कार्ड आलं. पाऊस बरा झाला होता. शिवगंगा दहावीला शाळेत पहिली आली होती. लातूरच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी सरांनी तिला दोनदा बोलावलं, पण तिनं नाव दिलं नाही.