लहानूच्या डोक्याचा फोटो

१९९१च्या उन्हाळ्यात प्रेमला मुंबईहून भिलाईला आली, तेव्हा सेक्टर २च्या क्वार्टरमध्ये तिच्या आईने वडिलांशी बोलणं टाकलं होतं. जेवणाचं ताट पुढे सरकवायची, तेवढंच.

"तुये बाबा मले चोट्टी म्हणते," गिरजाबाई म्हणाली. "सोताच घड्याळ लपवते अन् माह्यावर आळ घेते. मुद्दाम करून राहिले."

तिचा बाप लहानू भिलाईच्या पोलाद प्लांटमधला रिटायर क्रेन ऑपरेटर. आठवड्याभरापूर्वी तो ड्युटीचा शर्ट घालून निघाला आणि भलतीकडेच, मरोद्याला सापडला. डॉक्टरांनी वय झालं म्हणून टॉनिक दिलं होतं.

प्रेमलाला वेगळाच संशय आला: हा वयाचा नाही, मेंदूचा आजार असावा. विसरण्याचा हाच आजार ओळखण्यासाठी मुंबईत तिच्या प्रयोगशाळेत काम चाललं होतं. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ एका रसायनाला जोडायचा, शिरेतून सोडायचा आणि मेंदूत तो कुठे पोचतो त्याचा कॅमेऱ्याने फोटो काढायचा. जिथे रक्त कमी, तिथे काळोख. पण उंदरांच्या मेंदूत शिरलेलं रसायन फोटो निघायच्या आतच बाहेर पडत होतं.

तिने हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मंग यायले दे ना ते इंजेक्शन."

"माय, ते अजून माणसाले देता येत नाही."

"उंदराले चालते, बापाले नाही?"

प्रेमला नाहीच म्हणाली. आई रागावली, स्टेशनवर सोडायलाही आली नाही.

पुढची दोन वर्षं रसायनाची रचना बदलून बघण्यात गेली. बहुतेक नमुने वाया गेले. एक मात्र मेंदूत शिरल्यावर आतच अडकून राहू लागला. मग इतर प्राण्यांवर तपासण्या झाल्या, मंजुऱ्या आल्या. पहिल्या रुग्णांत लहानूला घेतलं, तेव्हा तो आपला बाप आहे हे प्रेमलाने मंजुरी देणाऱ्या समितीला आधीच कळवलं. तिने फक्त इंजेक्शनची बाटली तयार करायची, फोटो दुसऱ्यांनी वाचायचे, असं ठरलं.

मुंबईच्या दवाखान्यात लहानूने तिला विचारलं, "बाई, तुमचं गाव कोनतं?"

"भिलाई."

"मंग आपल्याकडचीच हायेस तू," तो खूश होऊन म्हणाला. प्रेमला तोंड फिरवून खिडकीशी गेली.

फोटोत दोन्ही कानांच्या वर, मागच्या बाजूला, काळोख होता. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी तो गिरजाबाईला दाखवला.

"डॉक्टरसाहेब, हे मानसाले मुद्दाम करता येते का?"

"नाही."

"बरं होईल?"

"तेही नाही, बाई. तसं औषध अजून कोणाकडे नाही."

ती बाहेर आली आणि बाकावर लहानूच्या शेजारी टेकली.

"चाय पेता का?"

"पेतो. तू कोन?"

"मी गिरजा."

त्याने मान हलवली. दोघांना चहा आणून देऊन प्रेमला खाली प्रयोगशाळेत गेली. दुपारच्या रुग्णाची बाटली तयार करायची होती.